पिवळी रेघ आणि कोरा आंबा

वर्णपटदर्शक हे प्रयोगशाळेतले उपकरण दिसायला साधे असते. प्रकाश आत सोडायला एक अरुंद फट, आत आलेले किरण समांतर करणारे भिंग, ते किरण रंगारंगांत पांगवणारा काचेचा लोलक आणि पांगलेला पट पाहण्यासाठी छोटी दुर्बीण, एवढेच त्याचे भाग. हायडेलबर्गला रॉबर्ट बन्सन आणि गुस्टाव्ह किर्खहोफ यांनी १८५९-६० साली ते कामाला लावले आणि पदार्थ ओळखण्याची रीतच बदलली. तोवर एखाद्या पदार्थात काय आहे हे शोधायचे तर तो विरघळवावा, साका बसवावा, गाळावा, वाळवावा, वजन करावे लागे. आता त्याची चिमूट ज्योतीत धरली की पुरे. स्वयंपाकघरातही हे रोज घडते. मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत भगभगीत पिवळी होते, तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटदर्शकातून पाहिल्यास तिथे पिवळा पट्टा दिसत नाही, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन बारीक रेघा दिसतात. पोटॅशियमच्या रेघा वेगळ्या जागी, कॅल्शियमच्या आणखी वेगळ्या. बन्सन आणि किर्खहोफ यांना खनिजयुक्त झऱ्याच्या पाण्यात अनोळखी निळ्या रेघा दिसल्या आणि १८६० मध्ये सीझियम सापडले, पुढच्या वर्षी लाल रेघांवरून रुबिडियम.

या कामाला नव्या उपकरणाइतकाच नवा बर्नरही लागला, ही गोष्ट सहसा मागे पडते. बन्सनच्या नावाने ओळखला जाणारा, गॅसमध्ये आधीच हवा मिसळून जळणारा बर्नर १८५५ च्या सुमाराचा. त्याची ज्योत जवळजवळ रंगहीन असते, म्हणून तीत धरलेल्या पदार्थाचा रंग निखळ दिसतो. मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात सोडियम कुणाला ओळखता आले नसते. शिवाय तुलनेसाठी शुद्ध क्षारांच्या बाटल्या फळीवर मांडलेल्या असाव्या लागत. रेघ दिसणे हे अर्धे काम असते. ती कोणाची हे सांगायला ओळखीचा नमुना जवळ हवा. फट, लोलक आणि दुर्बीण हे झाले उपकरण, तर बर्नरचा गॅस आणि बाटलीतला क्षार हा झाला सामानसुमानाचा भाग. पुढची सगळी हकीकत या दोहोंच्या चुकलेल्या आणि जमलेल्या गाठीभेटींची आहे, आणि तिचा एक मुक्काम सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर आहे.

वाघोटण खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या या किल्ल्यावर दगडी ओटे दाखवले जातात. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ किंवा ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. सर जोसेफ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून हेलियम शोधला, अशी हकीकत पर्यटकांना सांगितली जाते आणि त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. ओटे खरे आहेत, लॉकियर विजयदुर्गला आले होते हेही खरे, हेलियमच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले आहे हे तर निर्विवाद. चुकले आहे ते वर्ष. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले जवळजवळ ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे होत आली होती.

गंमत अशी की दोन्ही ग्रहणांचा पट्टा विजयदुर्गावरूनच गेला, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण १८ ऑगस्ट १८६८ ला श्रावण अमावस्या होती. कोकणातल्या श्रावणात सूर्यग्रहण पाहायला शेकडो मैलांवरून महागडी यंत्रे कोण आणणार? त्या वर्षी निरीक्षकांनी घाटमाथ्यापलीकडच्या आणि पूर्व किनाऱ्याजवळच्या जागा निवडल्या. जमखंडीला जॉन हर्शल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिअर जान्सेन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन. त्यातही जमखंडीसारख्या ठिकाणी ढगांनी छळलेच.

ग्रहणांना वर्णपटदर्शक लावण्याचे ते पहिलेच मोठे वर्ष. खग्रास अवस्थेत चंद्रबिंबाच्या कडेने लालसर ज्वाला दिसतात. त्या घन की वायुरूप, याचा वाद तोवर चालू होता. उपकरणातून पाहताच तो मिटला. ज्वालांच्या पटात सलग रंग नव्हते, तुटक तेजस्वी रेघा होत्या, म्हणजे तो तप्त विरळ वायू होता. लाल आणि निळ्या रेघा हायड्रोजनच्या म्हणून लगेच ओळखू आल्या. एक पिवळी रेघही होती. सोडियमची जोडी पिवळ्यातच असते आणि फ्राउनहोफरने सूर्याच्या पटातल्या काळ्या रेघांना अक्षरे दिली तेव्हापासून तिला डी म्हणतात. बहुतेकांनी ही पिवळी रेघ डी मानून पुढचे पान उलटले. पॉग्सन यांनी मात्र ती डीवर किंवा डीजवळ असल्याचे सावधपणे लिहिले.

घाईघाईत घेतलेली ती नोंद त्याहून काटेकोर असणे अवघड होते. सोडियमच्या दोन रेघांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, अनोळखी रेघ ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरच्याही आतला, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत, प्रवासात हेलपाटलेल्या यंत्रावर, काळोखात मोजपट्टी वाचत हे ठरवायचे होते. निवांत मोजायला वेळ हवा, आणि ग्रहण तो देत नाही. जान्सेन यांच्या लक्षात एक गोष्ट आली: रेघा इतक्या तेजस्वी आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या.

लॉकियर यांना हीच कल्पना १८६६ मध्ये सुचली होती. ते लंडनच्या युद्ध कार्यालयात कारकून होते, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. कल्पना तयार होती, अडले होते उपकरणावर. सरकारी अनुदान मिळाले, पण यंत्र बनवणाऱ्यांकडून ते यायला उशीर होत गेला. जॉन ब्राउनिंग यांच्या कारखान्यातून अनेक लोलकांचा वर्णपटदर्शक १६ ऑक्टोबर १८६८ ला हाती पडला आणि चौथ्या दिवशी, २० ऑक्टोबरला, लॉकियरनी लंडनमध्ये बसून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेच्या रेघा पाहिल्या. यंत्र वर्षभर आधी मिळाले असते तर जान्सेन यांच्या आधी त्यांचे नाव लागले असते. तसे न होता २६ ऑक्टोबरला फ्रेंच विज्ञान अकादमीच्या एकाच सभेत दोघांची पत्रे वाचली गेली आणि फ्रान्सने पुढे दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक काढले. असा सामोपचार विज्ञानाच्या इतिहासात क्वचित आढळतो.

एकाऐवजी अनेक लोलक का, हे समजले तर या सगळ्याची मेख कळते. दिवसा ज्वाला दिसत नाहीत, कारण आभाळाचा उजेड त्यांना झाकून टाकतो. आभाळाच्या उजेडात सगळे रंग सलग मिसळलेले असतात. लोलकामागे लोलक लावून तो पांगवावा तितका फिका होत जातो. ज्वालेचा उजेड मात्र मोजक्या रेघांतच साठवलेला असतो, त्या रेघा पांगत नाहीत, फक्त एकमेकींपासून दूर सरकतात. घावनाचे पीठ तव्यावर जितके पसरावे तितके पातळ होते, पण त्यात पडलेला खोबऱ्याचा तुकडा होता तेवढाच राहतो आणि अधिकच उठून दिसतो. फळांवरच्या औषधांचे अवशेष तपासणाऱ्या आताच्या यंत्रांपर्यंत युक्ती हीच: गर्दी पातळ करायची, हवे ते तसेच ठेवायचे.

ग्रहणाची घाई नसल्यामुळे आता रेघेची जागा मोजता आली. पिवळी रेघ सोडियमची नव्हती. डी-१ आणि डी-२ च्या शेजारी म्हणून तिला डी-३ म्हटले गेले. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर नाना प्रयोग केले. दाब कमी-जास्त करून, विजेच्या ठिणग्या सोडून हायड्रोजनच ही रेघ देतो का ते पाहिले. देत नव्हता. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी जाहीर व्याख्यानात या नव्या द्रव्याला हेलियम म्हणायचा दोघांचा विचार असल्याचे सांगितले. सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलि’, आणि सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंना लावतात ते ‘यम’ हे शेपूट. वायूला धातूचे नाव पडले ते असे. नंतर सापडलेल्या त्याच्या भावंडांना निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन अशी ‘ऑन’ची नावे मिळाली, हेलियम मात्र चुकीच्या आडनावासकट रुळला.

पण नाव मिळाले तरी नमुना नव्हता. बाटलीत भरून, शेजारी ठेवून, ही बघा तीच रेघ असे दाखवता येईना. रसायनशास्त्रज्ञांनी सूर्यावरच्या या मूलद्रव्याकडे २७ वर्षे संशयाने पाहिले, आणि त्यांचा संशय चुकीचा म्हणता येत नाही. तुलनेच्या नमुन्यावाचून रेघ ही फक्त रेघच असते.

नमुना मिळाला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, मार्च १८९५ मध्ये. विल्यम रॅम्झी आदल्या वर्षी सापडलेला अर्गॉन कुठल्या खनिजात मिळतो का ते शोधत होते. क्लीव्हाइट हे युरेनियमचे खनिज आम्लात टाकून निघालेला वायू त्यांनी काचेच्या निर्वात नळीत भरला आणि वीज सोडली. पिवळी रेघ उमटली आणि ती सोडियमशी जुळेना. विल्यम क्रूक्स यांनी मोजून दिले: ही डी-३ च. त्याच वर्षी स्वीडनमधल्या उप्साला येथे क्लीव्ह आणि लांगले यांनीही स्वतंत्रपणे तोच वायू मिळवला. खनिजात तो कुठून आला याचे उत्तर रदरफर्ड यांनी पुढच्या शतकाच्या आरंभी दिले. युरेनियम आणि थोरियम यांच्यातून सुटणारे अल्फा कण म्हणजेच हेलियमचे गाभे. या शोधाच्या यशात एक सामान्य वाटणारी वस्तू होती, ती म्हणजे हाइनरिश गाइस्लर यांनी १८५७ च्या सुमारास घडवलेली, दोन्ही टोकांना धातूची तार वितळवून बसवलेली काचेची नळी. चिमूटभर वायू त्यात भरला की तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा पेटवता येतो. सूर्याची वाट पाहावी लागत नाही.

विजयदुर्गचे ओटे येतात ते या टप्प्यानंतर. २२ जानेवारी १८९८ ला शनिवार होता, पौष अमावस्या. कोकणातले जानेवारीतले आभाळ निरभ्र. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गपाशी किनाऱ्यावर चढून ईशान्येला जात होता, आणि त्याच्या वाटेवर देशोदेशीच्या छावण्या पडल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल; विदर्भात तळणीला मौंडर दांपत्य आणि जॉन एव्हरशेड, पुलगावला न्यूऑल. नायगमवाला यांची पुण्यातली वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली होती आणि तिची मोठी दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. लॉकियर यांचे नाव किल्ल्यावर घेतले जाते तसे नायगमवाला यांचे जेऊरला फारसे कुणी घेत नाही, हे खटकण्यासारखे आहे.

लॉकियर तेव्हा ६१ वर्षांचे होते. सोबत मुलगा विल्यम, सहकारी आल्फ्रेड फाउलर, कोलकात्याहून प्रा. अलेक्झांडर पेडलर आणि बंदरात उभ्या ‘मेलपोमीन’ या आरमारी जहाजाचे अधिकारी व खलाशी. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास, आणि तेवढ्यात काचपट्ट्यांमागून काचपट्ट्या बदलायच्या. हे काम हातांना सवय झाल्याशिवाय जमत नाही. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने झाकण उघडायचे, तिसऱ्याने पट्टी सरकवायची, अशी तालीम आधी घटवली जाई. तोफांची कवायत मुरलेले खलाशी या कामाला प्राध्यापकांपेक्षा उपयोगी ठरतात.

ओट्यांचे कारणही यंत्रातच आहे. १८६८ ला डोळ्याने पाहत होते, १८९८ ला लोलक लावलेला कॅमेरा पाहत होता. या कॅमेऱ्याला फटच नसते. खग्रास होता होता सूर्याची जी बारीक कोर उरते, तीच फटीचे काम करते, आणि पटात रेघांऐवजी कोरी उमटतात. जणू फुटक्या बांगड्यांचे तुकडे एकापुढे एक मांडलेले. प्रत्येक तुकडा एकेका मूलद्रव्याचा, आणि जितका लांब तितका तो वायू सूर्याच्या पृष्ठभागापासून उंच पसरलेला. म्हणजे काय आहे आणि कुठवर आहे ही दोन्ही उत्तरे एकाच काचेवर. असे यंत्र लांबलचक आणि जड. ते आडवे ठेवून घड्याळाच्या चाकांवर फिरणाऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यात सोडायचा असतो, आणि बसकण पक्की नसेल तर वाऱ्याच्या झुळकेनेही चित्र हलते.

सामानाची अडचण होती ती काचपट्ट्यांची. जिलेटिनचा लेप दिलेल्या साध्या कोरड्या पट्ट्या निळ्या-जांभळ्या उजेडाला चटकन प्रतिसाद देत, पिवळ्याला मात्र जवळपास आंधळ्या होत्या. लेपात रंगद्रव्य मिसळून त्या पिवळ्याला जाग्या करण्याची युक्ती हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये शोधली, तेव्हा कुठे डी-३ चा फोटो काढणे सोपे झाले. जी रेघ डोळ्याला सहज दिसली, ती कॅमेऱ्याला मात्र उशिरा.

१८९८ च्या ग्रहणाने दिलेली खरी देणगी हेलियमची नसून एका हिरव्या रेघेची आहे. सूर्याभोवतीच्या मोतिया किरीटात, म्हणजे कोरोनात, ही रेघ ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत यंग आणि हार्कनेस यांना दिसली होती. तिच्याशी जुळणारे पृथ्वीवर काही मिळेना, तेव्हा डी-३ च्या वळणावर जाऊन तिच्या मालकालाही नाव दिले गेले: कोरोनियम. तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती. १८९८ ला विजयदुर्ग आणि जेऊरला घेतलेल्या फोटोंवरून ती ५३०.३ असल्याचे निघाले, म्हणजे २९ वर्षे सगळे चुकीच्या घरावर थाप मारत होते. पत्ता बरोबर झाला तरी दार उघडायला आणखी चार दशके गेली. स्वीडिश शास्त्रज्ञ बेंग्ट एडलेन यांनी १९४० च्या सुमारास दाखवले की कोरोनियम असे काही नाहीच. ती रेघ लोखंडाची आहे, तब्बल १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, आणि त्यासाठी किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते. असा नमुना कुठल्या बर्नरवर किंवा नळीत तयार होणार होता? दोन अनोळखी रेघा, दोन नवी नावे. एकीचा नमुना मिळाला आणि ती मूलद्रव्य ठरली. दुसरीचा कधीच मिळाला नाही आणि ती जुनेच लोखंड निघाली.

याच उपकरणाची वंशावळ आज जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत नांदते. मातीच्या द्रावणाचा फवारा ज्योतीत सोडून पोटॅश मोजणारा फ्लेम फोटोमीटर म्हणजे बन्सनचा बर्नर आणि मोजणारा डोळा एका डब्यात. जस्त, लोह, तांबे, मँगनीज यांसाठी अणुशोषण यंत्र असते. ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेली त्याची कल्पना फ्राउनहोफरच्या काळ्या रेघांचीच उलटी वाचणी आहे. सूर्याचा उजेड त्याच्याच थंड वायूंतून येताना ठरावीक रेघा गाळून येतो. इथे सूर्याच्या जागी दिवा ठेवतात, आणि जस्त मोजायचे तर त्या दिव्यात जस्तच असावे लागते. दिव्याचा प्रकाश ज्योतीतून जाताना मातीतले जस्त त्यातला आपला वाटा शोषून घेते. तांब्याला तांब्याचा दिवा, लोखंडाला लोखंडाचा. दिवा जळाला की यंत्र ठीक असूनही ती तपासणी थांबते. जांभ्या दगडापासून झालेल्या, आम्लधर्मी, पावसाने धुपलेल्या कोकणच्या मातीला कोणते खत किती, हा हिशोब अखेर अशा दिव्यावर आणि माहीत प्रमाणाच्या द्रावणांच्या छोट्या बाटल्यांवर उभा असतो. भारतात अशा प्रमाणित द्रव्यांची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तिने प्रमाणित केलेल्या मालावर ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ असा छाप असतो.

देवगडच्या हापूसची परीक्षा याहून कडक असते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते मूळ सांगते. फळात औषधाचा अंश किती हे सांगत नाही. जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे युरोपीय संघ किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतो, म्हणजे दहा कोटींत एक भाग. (युरोपने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर घातलेली बंदी फळमाशीमुळे होती, अवशेषांमुळे नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली. चर्चेत मात्र दोन्ही गोष्टी हमखास एक होतात.) बागायतदारांना ‘कल्टार’ नावाने ठाऊक असलेले पॅक्लोब्युट्राझोल, तुडतुड्यांवरची कीटकनाशके, भुरीवरची बुरशीनाशके, अशी पुष्कळ नावे एका फोडीत शोधायची असतात. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने निर्यातीच्या द्राक्षांसाठी जी तपासणीची घडी बसवली, तीच रीत पुढे इतर फळांनाही लागू पडली.

पद्धत अशी. आंबा थंड ठेवून लगदा करतात, त्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक आणि मॅग्नेशियम सल्फेटसारखे क्षार टाकून जोरात हलवतात. क्षार पाणी धरून ठेवतात, औषधांचे अंश द्रावकात उतरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रीतीने आधीची दिवसभराची धुलाई काही मिनिटांवर आणली, आणि त्यासाठी लागते काय, तर झाकणाच्या प्लास्टिक नळ्या आणि क्षारांच्या पुड्या. नवे उपकरण म्हटले की चकचकीत यंत्र डोळ्यांसमोर येते, पण प्रयोगशाळेचा वेग पुष्कळदा अशा पुडीने वाढतो. पुढे तो अर्क वायू-वर्णलेखन यंत्रात जातो. तिथे केसासारख्या पोकळीची, ३० मीटर लांबीची काचनळी भट्टीत गुंडाळून ठेवलेली असते. वाहून नेणारा वायू अर्काची वाफ तिच्यातून ढकलतो, वेगवेगळी रसायने वेगवेगळ्या वेळी पलीकडे पोहोचतात आणि वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासमोर एकेक करून हजेरी देतात.

हजेरीच्या या पटावर नाव कसे ओळखायचे? पुन्हा नमुन्याने. प्रत्येक औषधाचे शुद्ध, माहीत तीव्रतेचे द्रावण आधी सोडून त्याची वेळ आणि उंची नोंदवावी लागते. आणि इथे आंबा एक खोडी करतो. त्याची साखर, त्याचा केशरी रंग, त्याची मेदद्रव्ये यंत्रात औषधांसोबत शिरतात आणि एखाद्याचा आकडा फुगवतात, एखाद्याचा दाबतात. स्वच्छ द्रावकातल्या औषधाशी केलेली तुलना म्हणून खोटी पडते. उपाय एकच: ज्यावर काहीही फवारलेले नाही असा कोरा आंबा मिळवायचा, त्याचा तसाच अर्क काढायचा आणि त्यात माहीत मात्रेने औषध मिसळून त्याच्याशी तुलना करायची. लाखो रुपयांचे यंत्र दाराशी उभे राहते आणि काम अडते कोऱ्या आंब्यावर. तो बाजारात मिळत नाही. ज्याची फवारणी थांबवली आहे अशा झाडाची, आणि ते खरे सांगणाऱ्या माणसाची, आधीच सोय करून ठेवावी लागते.

माशांच्या बाबतीत तर कोरेपणच शंकास्पद असते. २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गाजावाजा झाला, आयातीवर निर्बंध आले आणि सिंधुदुर्गातून जाणाऱ्या मासळीच्या गाड्याही त्यात अडकल्या. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच सुमारास खिशात मावेल असा संच बाजारात आणला होता. त्यातली कागदी पट्टी माशावर घासायची, वर द्रव टाकायचा आणि दोन-चार मिनिटांत आलेला रंग डब्यावरच्या रंगतक्त्याशी ताडायचा. इथे प्रमाण नमुना छापून डब्यावरच चिकटवला आहे, म्हणून लिलावाच्या ओट्यावर उभ्या उभ्या तपासणी होते. पण मासा मेल्यावर त्याच्या अंगचेच एक रसायन मोडून थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते. बोंबलासारख्या माशात ते अधिक. पट्टीला बर्फातले फॉर्मेलिन आणि बोंबलाचे स्वतःचे यांतला भेद कळत नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नंतर माशांच्या गटागटांना नैसर्गिक फॉर्माल्डिहाइडच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या, त्या याच कारणाने. रंग आला म्हणून ताबडतोब पेटी फेकून देणे जितके घाईचे, तितकेच रंग न आल्याचा निर्वाळा मिरवणेही.

आंब्याच्या यंत्रात अर्क ढकलणारा तो वायू बहुतेक वेळा हेलियम असतो. तो कशाशीच संयोग पावत नाही, हलका असल्याने झपाट्याने वाहतो आणि पेटत नाही. तपासणीच्या कामाला तो ९९.९९९ टक्के शुद्ध लागतो. प्रयोगशाळांच्या बोलीत त्याला ‘पाच नऊ’ म्हणतात. त्याहून मोठे गिऱ्हाईक म्हणजे एमआरआय यंत्र. त्यातला चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमात बुडवून ठेवतात, आणि हेलियमला त्या अवस्थेला पहिल्यांदा नेले ते लायडेनच्या कामरलिंग ओन्नस यांनी, १० जुलै १९०८ ला. हवेत हेलियम दहा लाखांत पाच भागच असतो, म्हणून हवेतून काढणे परवडत नाही. जमिनीत युरेनियम-थोरियममधून सुटलेला हेलियम काही नैसर्गिक वायूच्या साठ्यांत कोंडलेला असतो, त्यातून तो वेगळा काढतात. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पेटत नसलेल्या एका विहिरीच्या वायूत तो सापडला, आणि पुढच्या व्यापाराची वाट तिथून उघडली. अमेरिका आणि कतार हे आजचे मोठे पुरवठादार, भारताची गरज प्रामुख्याने आयातीवर भागते. २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियमचे कारखाने काही दिवस बंद पडले आणि जगभरच्या प्रयोगशाळांचे सिलिंडर अडले.

त्यामुळे पुष्कळ प्रयोगशाळा आता हायड्रोजनकडे वळत आहेत. पाण्यातून वीज सोडून तो जागच्या जागी तयार करणारी, कपाटाएवढीही जागा न अडवणारी यंत्रे मिळतात, सिलिंडरची वाट पाहावी लागत नाही. फ्रँकलंड आणि लॉकियर यांनी डी-३ साठी ज्याला नाना परीने छळून पाहिले होते, तोच हा वायू. तो ज्वालाग्राही असल्याने गळती पकडणारा संवेदक बसवावा लागतो, आणि वस्तुमान यंत्राच्या तप्त कक्षात तो काही औषधांच्या रेणूंशी संयोग पावून त्यांचा चेहरामोहरा बदलतो. शिवाय वायू बदलला की प्रत्येक रसायनाची नळीतून बाहेर पडण्याची वेळ बदलते. जुन्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतात, सगळी प्रमाण द्रावणे नव्याने सोडावी लागतात, आणि फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला कोरा आंबा पुन्हा बाहेर काढावा लागतो.